अद्भुताचा हिशेब

दिवाळी अंकाची तयारी सुरू झाली, की आमच्या मेजावर हस्तलिखितांचा ढीग साचू लागतो. पूर्वी त्या ढिगात निसर्गकविता असत, जत्रेच्या आठवणी असत, कुलदेवतेच्या स्थळमाहात्म्यावरील एखादा टिपणवजा लेख असे. त्या अजूनही येतात. परंतु गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला मंगळावरची वसाहत येऊ लागली आहे, माणसासारखे बोलणारे यंत्र येऊ लागले आहे, पाताळातील नागांशी तह करणारी राजकन्या येऊ लागली आहे. आणि कथेच्या मागे बहुधा लेखकाच्याच एखाद्या मित्राने काढलेले चित्र टाचलेले असते. ही मुले कोणी फोंड्याची, कोणी बेळगावची, कोणी इंदूरची, तर एखादे हैदराबादेहून. आम्हाला याचा आनंद वाटतो. आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांना तो वाटत नाही; देवळाच्या अंगणात वाढलेल्या मासिकाला अग्निबाणांचे काय प्रयोजन, असा त्यांचा सवाल असतो. या तरुणांशी चार शब्द बोलावे आणि ते बोलताना वडीलधाऱ्यांनीही ऐकावे, अशा दुहेरी हेतूने आम्ही हे लिहीत आहोत.

बहुतेक कथांतला दोष एकच असतो. अद्भुत लिहावयाचे म्हणजे मोकळे रान मिळाले, अशी लेखकाची समजूत झालेली असते. नायक अडचणीत सापडला की त्याच्या मनगटावरील यंत्रातून एक किरण निघतो. किरण अपुरा पडला की दुसरे यंत्र निघते. तेही मोडले तर परग्रहावरचा मित्र ऐन वेळी धावून येतो. वाचक दुसऱ्याच पानावर ओळखतो की या गृहस्थाला काहीही होणार नाही, आणि मग त्याला त्याची काळजी वाटेनाशी होते.

या बाबतीत आमच्या घरचाच दाखला घ्यावा. हिरण्यकशिपूला मिळालेला वर आठवून पाहा. माणसाकडून मृत्यू नाही, पशूकडून नाही. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. भूमीवर नाही, आकाशात नाही. शस्त्राने नाही, अस्त्राने नाही. कथाकाराने एकेक करून सगळी दारे स्वतःच्या हाताने लावून घेतली आहेत. देव सर्वशक्तिमान आहे. ‘वर रद्द’ एवढे म्हणून मोकळे होण्यास त्याला कोण अडवणार होते? पण तसे होत नाही. वरातले एक अक्षरही न मोडता नरसिंह येतो तो उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, दैत्याला मांडीवर घेतो आणि नखांनी त्याचे पोट फाडतो. ही कथा आमच्या तरुण लेखकांनी कीर्तनात शंभरदा ऐकली असेल. एकदा ती सुताराने जुन्या देव्हाऱ्याचे सांधे निरखावेत त्या दृष्टीने पाहावी, एवढेच आमचे सांगणे आहे. जितकी बंधने घट्ट, तितकी सुटकेची गोडी अधिक.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने 1897 साली अदृश्य माणसावर कादंबरी लिहिली, तिच्यातही हीच शिस्त आहे. माणूस अदृश्य होऊ शकतो, एवढी एकच अशक्य गोष्ट तो आपल्याकडून मान्य करून घेतो. त्यानंतर मात्र तो सवलत मागत नाही. शरीर अदृश्य झाले तरी कपडे अदृश्य होत नाहीत, म्हणून या माणसाला लंडनच्या जानेवारीतल्या थंडीत उघड्या अंगाने हिंडावे लागते. त्याला पडसे होते आणि शिंक त्याचा घात करते. ओल्या पायांचे ठसे जमिनीवर उमटतात. कुत्र्याला तो दिसत नाही, पण त्याचा वास येतो. खाल्लेले अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहते. बर्फ पडले तर ते अंगावर साठून आकृती उघडी पाडणार. आमच्याकडच्या एखाद्या मुलाने ही कथा लिहिली असती तर तिसऱ्या पानावर त्याच्या नायकाने बँक लुटली असती आणि दहाव्या पानावर जगाचे राज्य घेतले असते. वेल्सचा नायक भाकरीच्या तुकड्यासाठी आणि अंगावरच्या कोटासाठी वणवण करतो, आणि म्हणूनच तो आपल्याला खरा वाटतो.

तेव्हा पहिला सल्ला हा, की कथा लिहिण्यापूर्वी कागदावर एका वाक्यात आपली अशक्य गोष्ट लिहून काढावी, आणि त्याखाली ‘यामुळे काय काय अडेल?’ असा मथळा घालून यादी करावी. कथा त्या यादीत सापडते.

आता थोड्या नाजूक विषयाकडे वळतो. मार्दोळच्या श्रीम्हाळसेचे दर्शन आमच्या बहुतेक वाचकांनी घेतले असेल. ती विष्णूचे मोहिनीरूप. मोहिनीने अमृत वाढताना देवांच्या पंक्तीत बसलेला राहू सूर्यचंद्रांनी ओळखला, त्याचे मस्तक उडाले, पण अमृत गळ्यापर्यंत पोहोचले असल्यामुळे मस्तक तेवढे अमर झाले. तेव्हापासून तो चुगली करणाऱ्या त्या दोघांना गिळतो. परंतु गळ्याखाली धडच नसल्याने गिळलेला सूर्य पुन्हा बाहेर पडतो. ग्रहण लागते का आणि सुटते का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या कथेने आपल्या पोटातच ठेवली आहेत. आणि याच भूमीत आर्यभटाने, वयाच्या तेविसाव्या वर्षी, इसवी सन 499 मध्ये ग्रहण हा छायेचा खेळ आहे असे स्पष्ट सांगितले. आमच्या घरात पंचांगातली ग्रहणाची वेळ छायेच्या गणिताने येते आणि त्याच दिवशी आजी नातवंडांना राहूची गोष्ट सांगते. या दोहोंत आजवर भांडण झालेले आम्ही पाहिले नाही.

भांडण सुरू होते ते गोष्टीलाच गणित म्हणू लागल्यावर. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक कथांच्या आरंभी एक प्रस्तावना असते: या कथेतील विमान काल्पनिक नसून आपल्या पूर्वजांनी ते प्रत्यक्ष उडवले होते. याला आधार म्हणून बहुधा ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचे नाव दिलेले असते. हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात तोंडी सांगून लिहवून घेतला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी त्याची कसून तपासणी केली आणि 1974 साली निष्कर्ष मांडला, की त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणारी नाहीत आणि ग्रंथही 1904 च्या पूर्वीचा नाही. चित्रकारांसाठी यात एक गमतीची गोष्ट आहे. त्या ग्रंथातील विमानांच्या आकृत्या एल्लप्पा नावाच्या, अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका नक्षाकाराने 1923 साली रेखाटल्या होत्या. चाके, दांडे, पंखे सारे इतके नेटके, की पाहणाऱ्याचा विश्वास बसावा. ग्रंथाला मिळालेल्या श्रद्धेपैकी निम्मी तरी त्या नक्षाकाराच्या हाताची कमाई असावी, असे आम्हाला वाटते.

असे लिहिल्यावर आम्हाला पत्रे येतील हे ठाऊक आहे. म्हणून स्पष्टच सांगतो. पुराणातले विमान खरोखर उडत होते असे सिद्ध करू पाहणारा मनुष्य पुराणाची थोरवी वाढवीत नाही. तो त्याला परीक्षेच्या अशा वर्गात नेऊन बसवतो, की जेथे ते नापास होणार. ज्या कल्पनाशक्तीने राहूचा गळा कापून ग्रहण सोडवले, तिला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही. तरुण लेखकांनी पुराणातून वाटेल ते घ्यावे. फक्त प्रस्तावनेतला तो दावा गाळावा. आमच्या अंकात तो छापला जाणार नाही.

योगायोग असा, की याच 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ नावाच्या कोणा अपरिचित लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून हे नाव बेतलेले. तेव्हा ते खगोलशास्त्रज्ञ म्हणून देशभर विख्यात होते, पद्मभूषण त्यांना 1965 सालीच मिळाले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून त्यांनी कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशी पुस्तके आली. 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. 20 मे 2025 रोजी पुण्यात ते निवर्तले. ‘वामन परत न आला’ हे नावच पाहावे. वामन हा पुराणातला, आणि कथा यंत्रमानवाची. पूर्वजांनी यंत्रमानव बनवले होते असा दावा तेथे नाही, तरी त्या एका नावाने वाचकाच्या मनात तीन पावलांची भीती उभी राहते. पुराणाचा उपयोग करावा तर असा.

टोपणनावाची गोष्ट मात्र आम्ही मुद्दाम सांगितली. एवढ्या मोठ्या माणसाने आपली कथा नावाच्या कुबडीशिवाय चालते का, हे पाहून घेतले. आमच्याकडे येणाऱ्या पाकिटांत कथेच्या आधी पदव्यांची माळ असते आणि पुष्कळदा लेखक अमक्या देवस्थानच्या महाजनांचा नातू असल्याचे सूचक शब्दांत कळवलेले असते. नातवाला आमचा नमस्कार. कथा आम्ही पाकीट बाजूला ठेवूनच वाचतो.

विज्ञानकथा लिहिणाऱ्याने आकडेमोडीला भिऊ नये. रैवत ककुद्मीची कथा पुष्कळांना आवडते, कारण तीत आइन्स्टाइन सापडल्यासारखे वाटते. राजा आपली कन्या रेवती हिला घेऊन वर विचारण्यासाठी ब्रह्मलोकी जातो. तेथे गायन चालू असल्याने थोडा वेळ थांबतो. आणि परत येईतो पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटलेली असतात. एक चतुर्युग 43 लाख 20 हजार वर्षांचे. सत्तावीस म्हणजे 11 कोटी 66 लाख 40 हजार वर्षे. आइन्स्टाइनच्या 1905 सालच्या सिद्धान्ताने वेगवान यानातला काळ मंद चालतो हे खरे, परंतु किती? प्रकाशाच्या वेगाच्या 99 टक्के वेगाने गेल्यास यानातील एका वर्षात पृथ्वीवर सुमारे सात वर्षे जातात. राजाने तासभर गाणे ऐकले असे धरून आम्ही मांडून पाहिले, तेव्हा वेगाचा आकडा शून्य आणि दशांशचिन्हापुढे चोवीस वेळा नऊ असा येऊ लागला. असल्या वेगाला लागणारी शक्ती कोठून आणणार? तेव्हा विज्ञानकथा लिहावयाची असेल तर हा हिशेब वाचकाला न दाखवता, पण स्वतः करूनच लिहावी. आणि अद्भुतकथा लिहावयाची असेल तर हिशेबाऐवजी त्या राजाकडे पाहावे: ज्यांना जावई करावे असे मनात होते ते, त्यांचे पुत्र, त्यांचे नातू, गोत्रेसुद्धा नाहीशी झाली, आणि हा मुलीचा हात धरून ओळख नसलेल्या भूमीवर उभा. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. एकीवरचा हिशेब चुकवून दुसरीवरची सवलत मागू नये.

गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका कथेविषयी थोडे विस्ताराने लिहितो. लेखिका वास्कोची, महाविद्यालयात शिकणारी. पृथ्वी सोडून निघालेल्या एका यानात प्रत्येक माणसाला वीस किलो सामान नेण्याची मुभा आहे. त्यापलीकडे एक तोळाही नाही. एका गावच्या चाळीस कुटुंबांना आपली पाषाणमूर्ती न्यायची आहे आणि तिचे वजन आहे सव्वाशे किलो. तेव्हा प्रत्येकाने आपल्या वाट्यातून काही सोडावयाचे. कोणी पितळेचा हंडा सोडतो, कोणी हार्मोनियम, कोणी नवऱ्याची पत्रे. एक म्हातारा सोडावयास तयार नाही आणि तो काय घेऊन चालला आहे हेही सांगत नाही. कथेत इतिहासाचे नावही नाही. परंतु सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखालील साष्टीतून मंगेश कुशस्थळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून अंत्रुज महालात कशा नेल्या गेल्या, हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, त्यांना ते सांगावे लागत नाही.

पहिल्या खर्ड्यात यानाच्या इंजिनाची नऊ पाने होती. ती तिने तीन ओळींवर आणली, कुरकुर न करता. अडचण निराळ्याच बाजूने उद्भवली. आमच्या संपादक मंडळातील एका वयोवृद्ध सदस्यांना ही कल्पना अत्यंत अनुचित वाटली. ‘‘देवाला काट्यावर चढवता?’’ असे ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर कापत होता. कथा परत पाठवावी असेच बहुमत दिसत होते. तेव्हा दुसऱ्या एका सदस्यांनी हळूच तुलाभाराची आठवण दिली. सत्यभामेने श्रीकृष्णाला तराजूत बसवले, सारे दागिने घालूनही पारडे हलले नाही आणि रुक्मिणीच्या एका तुळशीपत्राने ते हलले, ही कथा आपणच दर वर्षी सांगतो ना? यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

बैठकीला देवळाचे पुजारी, आम्ही सर्व ज्यांना भटमाम म्हणतो ते, सहज येऊन बसले होते. त्यांनी एकच प्रश्न केला: ‘‘नैवेद्याक उदक खंयचें?’’ यानात पाणी कोठून येणार, आणि ते सोवळ्याचे कसे ठरणार? प्रश्न विनोदाचा नव्हता. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात मूत्र, घाम आणि श्वासातली वाफ यांतूनच पिण्याचे पाणी शुद्ध करून काढतात. 2023 मध्ये ही परतफेड 98 टक्क्यांपर्यंत गेली. आम्ही हे भटमामांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि ‘विचार करावा लागेल’ एवढेच म्हणून ते सांजआरतीला निघून गेले. आम्ही तो प्रश्न लेखिकेला जसाच्या तसा कळवला. पंधरा दिवसांनी जो खर्डा आला त्यात प्रवासातल्या पहिल्या पूजेचा प्रसंग होता: पुजाऱ्याच्या हातात पाण्याचा गडू, आणि ते पाणी काय आहे हे जाणणारी चाळीस कुटुंबे त्याच्या तोंडाकडे पाहत उभी. अशी परीक्षा कोणत्याही विज्ञानशिक्षकाने घेतली नसती. तरुण लेखकांनी आपली कथा मित्रांना वाचून दाखवावीच, पण एकदा ती अशा माणसाला वाचून दाखवावी, की ज्याला यानातले काही कळत नाही आणि पाण्यातले सर्व कळते.

त्या कथेच्या चित्राची हकीकत निराळी. ज्या मुलाकडे ते काम दिले त्याने दुसऱ्याच दिवशी एक झगझगीत यान पाठवून दिले. हल्ली यंत्राला दोन ओळी सांगितल्या की ते क्षणात चित्र काढून देते. हे तसेच होते, आणि त्याने तसे कबूलही केले. चित्रात दोष काढण्यासारखे फारसे नव्हते. फक्त ते कोणत्याही कथेला चालले असते. त्याला आम्ही दीनानाथ दलालांची गोष्ट सांगितली. मडगावात 1916 साली जन्मलेला हा चित्रकार. 1945 पासून त्याने स्वतःचा ‘दीपावली’ अंक चालवला, तो शब्द आणि चित्र यांना एका पंक्तीत बसवण्यासाठी. त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान असलेले रघुवीर मुळगावकर बार्देशातील अस्नोड्याचे. त्यांच्या ब्रशाखालून आणि फवाऱ्यातून उतरलेल्या देवदेवता आजही आमच्या कित्येकांच्या भिंतीवर आहेत. आणि त्याच हाताने त्यांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही रंगवली. देवाचे तेज आणि खुन्याची सावली यांसाठी प्रकाश कोठून पडतो हे सारखेच नीट पाहावे लागते.

हा मुलगा काही कच्चा नव्हता. दिवाळीच्या आदल्या रात्री त्याच्या वाड्यावर जो नरकासुर उभा राहतो, त्याचा मुखवटा आणि सांगाडा तोच करतो. आम्ही त्याला विचारले, नरकासुर करताना प्रथम काय करतोस? बांबू बांधतो, म्हणाला. वजन कोठे येणार ते ठरल्याशिवाय गवत भरता येत नाही. मग यानाचे बांबू कोठे आहेत? तो हसला आणि कागद घेऊन गेला. पुढे त्याच्याकडून कळले की तो मासळीबाजारातल्या काट्याजवळ दोन सकाळी बसून होता. वजन होत असताना माणसे काट्याकडे कशी पाहतात, मान कशी पुढे काढतात, हात कोठे ठेवतात, ते रेखाटीत.

शेवटी जे चित्र छापले त्यात यान नाहीच. एक काटा आहे, त्याच्यावर एक गाठोडे, भोवती एक कुटुंब, आणि मागे भिंतीशी पांढऱ्या वस्त्राखाली झाकलेले काहीतरी उंच. ज्या सदस्यांनी हरकत घेतली होती त्यांनी मुद्रिते हातात घेऊन ते चित्र पुष्कळ वेळ पाहिले, आणि त्या म्हाताऱ्याच्या पिशवीत काय होते, असे आम्हाला विचारले. कथा तिसऱ्या पानावर आहे, असे आम्ही त्यांना सांगितले.